कौसल्येच्या खोलीवरचा स्लॅब

ता. ११ फेब्रुवारी, रविवार

दुपारी गच्चीवर गेलो. चपला खाली राहिल्या होत्या. फेब्रुवारी महिना, आणि तळपाय टेकवेनात. खाली येऊन कौसल्येच्या खोलीत स्टुलावर चढलो व स्लॅबला आतून हात लावला. गरम. हात काढून घेतला आणि तिच्याकडे पाहिले. ती पाहतच होती. मी म्हणालो, "जाळे होते, काढले." जाळे नव्हते. नव्या घरात जाळे कुठून येणार.

सूनबाई सुजाता दारात उभी. "बाबा, स्टुलावर काहून चढले? पडले असते तं दोघायचं करत बसली असती मी."

उतरलो. 

सावनेरचे आमचे घर कवेलूचे, म्हणजे कौलारू होते. ऊन तेथेही होते, पण दुपार कलली की घर निवत असे. हे घर निवत नाही. दिवसभर जे ऊन वर पडते, ते संध्याकाळी खाली उतरते. आज असे, तर मे महिन्यात

ता. १४ फेब्रुवारी

रविवारचे वाक्य अपुरे ठेवले. आज पूर्ण करतो, कारण तोंडाने कोणाला सांगणे मला जमणार नाही.

लकव्यानंतर कौ.ची उजवी बाजू गेली. शब्द राहिले ते चार : पाणी, हो, नको, आणि परशा. परशा म्हणजे आमचा धाकटा, प्रशांत. बंगलोरला असतो. गेल्या मे महिन्यात सावनेरला कौ.ला उष्माघात झाला. तिने "नको" देखील म्हटले नाही. उष्णता वाढत आहे हे तिच्या शरीराला आता समजत नाही, असे डॉक्टर म्हणाले. "या वेळी वाचल्या. पुढच्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवा. दुसरा इलाज नाही."

थोरला विनोद याने म्हणूनच आम्हांस येथे, नागपूरला, आपल्या नव्या घरी आणले. नवा कूलरही घेतला. परंतु आमचे ले-आउट गावाबाहेर, कामठीच्या अंगाला. दुपारी लाइन जाते. लाइन गेली की कूलर म्हणजे पाणी भरलेले पत्र्याचे खोके. इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरतो आणि स्लॅबची उष्णता खाली ढकलतो.

मला भीती वाटते. येथे लिहिले, पुरे.

ता. १८ फेब्रुवारी, रविवार

विनोदाने सीलिंगवाल्याला बोलावले होते. स्लॅबच्या खालून थर्मोकोलच्या पाट्या लावायच्या व त्यावर पांढरे सीलिंग करून झाकायचे, असा त्याचा बेत. बोलका मनुष्य. "काकाजी, एकदम थंडा थंडा. आजी मे महिन्यात गोधडी मागन."

विचारले, आग लागली तर हे काय करते?

हसला. "आग लागनच काहून, काकाजी?"

मी म्हणालो, मी जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. आग कशी लागते हे मला विचारू नका, ती लागल्यावर हे काय करते ते सांगा. त्याने विनोदाकडे पाहिले. विनोदाने पंख्याकडे. एक तुकडा नमुना म्हणून ठेवून गेला.

ता. १९ फेब्रुवारी

विनोद कामावर गेल्यावर मागील अंगणात जुना तवा ठेवला, त्यावर नमुना, व काडी लावली. आधी तो आक्रसला. नंतर वितळून जळते थेंब तव्यावर पडू लागले. धूर काळा, घशाला धरणारा.

सुजाता धावत आली. "काय जाळून राहिले हो बाबा? शेजारची बाई विचारून राहिली, वायर जळली का म्हणून!"

मी म्हणालो, पाहून घे, हे तुझ्या सासूच्या डोक्यावर बसवणार आहेत.

तवा विसळून ठेवला तिने. म्हणाली, "यांले मी सांगते."

जिनिंगमध्ये रुईला आग लागली की आम्ही पळत असू. प्रत्येक वेळी सगळे सुटलो, कारण सगळ्यांना पाय होते. कौ.ला उचलायलाच दोघे लागतात.

ता. २० फेब्रुवारी

विनोद : "तुम्ही आगीले भेता, बाबा. मी उन्हाले भेतो. आग लागन का नाही कोनाले माहीत, ऊन तं येनारच आहे."

त्याचे बोलणे खोटे नाही. तो चिडला की मोठ्याने बोलतो. आज हळू बोलला. म्हणजे त्यालाही भीती वाटते. हे कळले आणि मला अधिकच वाटू लागली.

ता. २५ फेब्रुवारी, रविवार

इंजिनियर मेश्राम बाई येऊन गेल्या. वयाने लहान, बोलणे नेमके. त्यांचे मत : खालून काही लावू नका, वरून लावा. स्लॅबवर पाणी न झिरपणारा लेप, त्यावर कडक फोमच्या पाट्या, त्यावर सिमेंटचा थर, आणि शेवटी पांढऱ्या लाद्यांचे तुकडे. ऊन स्लॅबपर्यंत पोचणारच नाही. आग वरच्या वर, मध्ये काँक्रीट.

नमुना मागून घेतला. तोही जाळून पाहिला. तोही जळतो. परंतु तो सिमेंटखाली असेल आणि तिच्या व त्याच्या मध्ये स्लॅब असेल. हे मला पटले.

मग बाई गच्चीवर गेल्या. तेथे खांबांच्या जागी सळया उभ्या आहेत.

"काकाजी, या सळया कशासाठी ठेवल्या?"

"वरच्या मजल्यासाठी."

"कधी चढवता मजला?"

"लवकरच."

विनोदाने खाली पाहिले.

बाई म्हणाल्या, दोहोंपैकी एक ठरवा. मजला चढवायचा असेल तर आज लावलेले सगळे उद्या फोडावे लागेल. आणि सळया ठेवून त्यांच्याभोवती काम करा म्हणाल तर मी करत नाही. "सळईच्या बाजूनं पावसाचं पाणी आत जाते. फोमखाली साचते. मंग आजीच्या पलंगावर ठिबकन."

मी सांगितले, विचार करून कळवतो.

ता. ३ मार्च

सळयांना सिमेंटचे पाणी लावले. तसे न केल्यास गंज चढतो. हे काम मी स्वतः करतो.

घर बांधताना विनोद म्हणत होता, एकच मजला पुरे. मीच आग्रह धरला. खाली विनोद, वर प्रशांत. या ले-आउटमध्ये पहावे त्या घरावर सळया उभ्या आहेत. कोणी त्यांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या आहेत, कोणी काळी बाहुली टांगली आहे. आमच्या मिस्त्रीनेही बाहुली बांधली होती, ती मी काढायला लावली. आम्ही बौद्ध माणसे. परंतु सळया असू द्याव्यात. ज्या घरात अजून कोणी यायचे आहे, त्या घराला त्या असतात.

आणि कौ.ला मी सांगून बसलो आहे. या खोलीत पहिल्यांदा निजवले तेव्हा ती घाबरली होती, नवी जागा म्हणून. मी वर बोट दाखवले. "येथे तुझ्या डोक्यावर परशाची खोली येणार आहे. चालला की तुला ऐकू येईल." ती म्हणाली, "परशा." तेव्हापासून छताकडे पाहते आणि म्हणते.

ता. १० मार्च

तोडगा काढला. विनोद आणि मी गच्चीवर चुना मारला. पांढऱ्या रंगाने बराच फरक पडतो, असे शेजारी गजभिये सांगतात. विनोद मुकाट्याने कुंचला फिरवत होता. सळयांपाशी आला की मोठ्या काळजीने बाजूने रंग ओढायचा. त्या काळजीत टोमणा होता.

ता. २५ मार्च

धुळवड. रस्त्यावर पोरांचा गोंधळ. चुन्यावर धूळ बसून तो मातकट झाला आहे. फरक पडला होता, थोडा. आता तोही नाही.

कौ.ची खोली दुपारी तापते. मी दिवसभर तेथेच बसतो. पाणी पाजतो. कपडा ओला करून मानेवर ठेवतो. ती "नको" म्हणते तेव्हा बरे वाटते. नको म्हणते आहे, म्हणजे कळते आहे.

ता. ६ एप्रिल

गोणपाटे आणून गच्चीवर अंथरली. पाइपने भिजवतो. वाळली की पुन्हा भिजवतो. सुजाता म्हणते, टाकीतले पाणी पुरत नाही, भांडी कशाने घासू?

सायंकाळी विनोद : "मेश्राम मॅडमले होय म्हणू का?"

मी : "प्रशांतला विचारतो."

"कवा विचारता? फोन तं तुमच्या खिशातच आहे."

मी गोणपाट सरळ करीत होतो, करीतच राहिलो.

तो जिना उतरता उतरता म्हणाला, "ज्याले यायचंच नाही, त्याच्या मजल्यावर रोज पानी टाकून राहिले तुम्ही."

बापाशी असे बोलणे योग्य नव्हे. हे त्याला सांगायचे ठरवले होते. सांगितले नाही.

प्रशांतला फोन करणे कठीण नाही. तो काय म्हणेल, याची भीती आहे. हो म्हणाला तर तो येणार नाही हे नक्की होईल. नको म्हणाला तर

ता. १४ एप्रिल, रविवार

जयंती. पांढरा सदरा घालून सकाळी विहारात जाऊन आलो. निळे झेंडे, बँड, मुलांना सरबत. गजभियेंनी विचारले, "वहिनीची तब्येत काय म्हनते?" उत्तम आहे, असे सांगितले. लोकांत मी हेच सांगतो.

ता. १६ एप्रिल

आज झाले.

लाइन दुपारी गेली. मी गोणपाटे भिजवून खाली आलो. कौ.चे डोळे अर्धे मिटलेले. चेहरा लाल. हाक मारली, पाहिले नाही. "पाणी?" म्हटले, हो नाही, नको नाही. हात लावला, अंग भाजत होते आणि कोरडे. घामाचा टिपूस नाही.

मी सुजाताला हाक मारली ती कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही. तिने बर्फ आणला, चादर भिजवून अंगावर टाकली. "आई! आई, इकडे पाहा वं माय!" विनोद गाडी घेऊन आला. गजभिये आणि तो, दोघांनी उचलले. मी उशी धरून मागे चालत होतो. उशीचे काय काम होते कोणास ठाऊक.

दवाखान्यात वेळेवर पोचलो, असे म्हणाले.

ता. १८ एप्रिल

कौ.ला घरी आणले. थकली आहे. शब्द तीनच ऐकले. "नको" अजून म्हटलेले नाही.

दवाखान्यातून येताच प्रशांतला फोन लावला. सळया कापाव्या लागतील, असे सांगितले. कारणही सांगितले.

बराच वेळ तो आईचेच विचारत राहिला. मग म्हणाला, "सळ्या राहू द्या ना बाबा. मी दिवाळीत येतो, मंग बघू."

"उन्हाळा दिवाळीपर्यंत थांबत नाही, प्रशांत."

"मंग माझं तिकडं काहीच नाही राहनार?"

"घर तुझेच आहे."

"घर दादाचं आहे, बाबा. माझ्या त्या सळ्याच होत्या."

मग तोच म्हणाला, "कापा. आईले जपा." फोन ठेवल्यावरही मी तो कानाला धरून उभा होतो, असे सुजाता म्हणते.

विनोदाला एवढेच सांगितले : मेश्राम बाईंना होय म्हण.

ता. २२ एप्रिल

सळया कापल्या.

मेश्राम बाईंनी पुन्हा विचारले. "पक्कं ना, काकाजी? नंतर मजला चढवाचा म्हनाल तं लय कटकट होते."

"कापा."

मी वर थांबलो नाही. कौ.पाशी बसलो. यंत्राचा आवाज स्लॅबमधून थेट खोलीत उतरत होता. खिडकीतून ठिणग्या पडताना दिसल्या, त्या तिने पाहू नयेत म्हणून पडदा ओढला. ती छताकडे पाहत म्हणाली, "परशा?"

मी म्हणालो, "काम चालू आहे." खोटे बोललो नाही. काम चालूच होते.

संध्याकाळी फाटकापाशी गजभिये. "काहून गा रामटेके भाऊ, मजला कॅन्सल?"

"घर पूर्ण झाले," असे मी सांगितले व आत आलो.

ता. २६ एप्रिल

काम चालू. लेप वाळला, आता पाट्या. वर दिवसभर चालणे, घमेल्यांचा आवाज, हाका. काम होईतो कौ.ला दुपारी समोरच्या खोलीत हलवावे, असे माझे म्हणणे होते. ती जाईना. "नको." स्पष्ट. मला आनंद झाला आणि लगेच कारण समजले.

पाऊल वाजले की ती ऐकते. एका बाजूने हसते. "परशा."

सुजाता : "आईनं आज अख्खी पोळी खाल्ली, बाबा. बोलू द्या तिले. काय बिघडते?"

काही बिघडत नाही. परंतु हे मजूर किती दिवस चालणार वर?

ता. ७ मे

काम संपले. गच्ची पांढरी, पाहवत नाही इतकी. भर दुपारी खोलीत गेलो तर फरक उघड आहे. मी विनोदाला म्हणालो, काम चांगले झाले. त्याने माझ्याकडे असे पाहिले जणू मी आजारी आहे. मग हसला. "लिहून ठेवा, बाबा."

लिहिले.

ता. ९ मे

वर शांतता. कौ. छताकडे पाहते व थांबते. आज पोळी अर्धी टाकली. काल त्याहून कमी खाल्ली होती. पाणीही दोनदा परत केले. डॉक्टरांनी बजावले आहे की पाणी कमी होता कामा नये. खोली थंड झाली आणि ही पाणी पीत नाही.

ता. १० मे

येथे लिहितो, अन्यत्र सांगणार नाही. दुपारी मी बूट घातले, फिटरचे, जड, आणि गच्चीवर गेलो. तिच्या खोलीच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. टाचा आपटून चाललो. पुन्हा चाललो. ऊन मी म्हणत होते.

खाली आलो. सुजाता पाणी पाजत होती. सहज विचारल्यासारखे विचारले, "वर काही वाजले का?"

"कुठं?"

"वर."

"नाही जी. काहून? कोन चढलं होतं?"

फोमच्या पाट्या ऊन खाली येऊ देत नाहीत. पावलेही येऊ देत नाहीत. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारायचे सुचलेही नव्हते.

मग तिने माझे पाय पाहिले. "बाबा! या उन्हात? तुमाले लू लागली तं कोनाकोनाले पाहू मी?" मोठ्याने ओरडली, आणि ओरडता ओरडता तिने डोळ्यांना पदर लावला. मी बूट काढले.

ता. १२ मे

सुजाताने प्रशांतला परस्पर फोन केला. मला विचारले नाही. आता तो रोज सकाळी फोन करतो, फोन कौ.च्या कानाशी धरतात. "आई, पानी पे." ती पिते. पिताना मात्र बोट छताकडे करते. त्याला ते दिसत नाही. मीही सांगितले नाही.

ता. २३ मे

बुद्धपौर्णिमा. घरी वंदना, खीर. कौ.ने दोन चमचे घेतली. ऊन असे की रस्त्यावर कुत्रे नाही. परवापासून नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस. वर्तमानपत्रात लिहिले आहे की पारा आणखी चढेल. वर्तमानपत्र कौ.च्या खोलीत नेले नाही, जणू तिला वाचता येते.

विनोद म्हणतो, "बाबा, आता भ्याचं काम नाही. जे कराचं ते केलं." जे करायचे ते सगळे करून झाले, हेच तर भीतीचे कारण आहे. आता यापुढे करण्यासारखे हाती काही नाही.

ता. २५ मे

नवतप्याचा पहिला दिवस. लाइन गेली आहे. सकाळपासून दोनदा आली, पुन्हा गेली. इन्व्हर्टर उतरला, पंखाही बंद.

खोली बाहेरच्यापेक्षा पुष्कळ निवलेली आहे. भिंत कोमट, छत कोमट. हे मी हाताने पाहिले.

कौ. डोळे मिटून आहे. झोपली आहे असे सुजाताचे म्हणणे. कपाळ कोरडे. घाम नाही. थंड खोलीत माणसाला घाम येत नाही, म्हणून हे चांगले. १६ एप्रिललाही घाम नव्हता.

सुजाताने काखेत ताप मोजला. "नाही ताप, बाबा. झोपू द्या तिले." मी होय म्हटले. ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने मी पुन्हा मोजला. नाही.

हाक मारावी तर झोप मोडेल. न मारावी तर

हळू आवाजात विचारले, "पाणी?" ओठ हलले असे वाटले. खात्रीने सांगता येत नाही.

अक्षर वाकडे येत आहे, कारण डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा तिच्या कपाळावर आहे. लाइन अजून आलेली नाही.